संस्थेत रुजू होण्याआधी यूएपीए वाचून घ्या

गडचिरोली, बस्तर, मणिपूर किंवा काश्मीरसारख्या भागात काम करायला निघालेल्या नवख्या माणसाला सुरुवातीलाच दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, "आपण कुठे बंदूक उचलतोय? काही होत नाही." दुसरा म्हणतो, "त्या भानगडीत पडूच नकोस." दोन्ही सल्ले बहुधा कायदा न वाचता दिलेले असतात. हिंसा न करताही यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, लागू शकतो. आणि हेही खरे की कायद्याने बोलायला, लिहायला, उपचार करायला मोकळी ठेवलेली जागा घाबरलेल्या माणसाला वाटते त्यापेक्षा मोठी आहे.

हा लेख संस्थेत, आरोग्य प्रकल्पात, मानवी हक्क गटात किंवा पत्रकारितेत नव्याने आलेल्यांसाठी आहे. यातून वकिलाचे काम होणार नाही, पण वकिलाला काय विचारायचे ते कळेल. वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: दहशतवादविरोधी कायदे कृतीइतकेच संबंध आणि हेतू तपासतात, आणि हेतू कोणी कपाळावर लिहून फिरत नाही. तो तुमच्या डायरीतून, मोबाइलमधून, पावत्यांतून काढला जातो.

आधी यादी पाहा, आणि कोणती यादी तेही पाहा

'बंदी असलेली संघटना' असे आपण सरसकट म्हणतो. कायद्यात मात्र निरनिराळे कप्पे आहेत आणि प्रत्येकाचे परिणाम वेगळे.

बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम १९६७ सालचा. त्याच्या कलम ३ खाली केंद्र सरकार एखादी संघटना 'बेकायदेशीर' ठरवते. सिमी (स्टुडंट्स इस्लामिक मूव्हमेंट ऑफ इंडिया) आणि सप्टेंबर २०२२ मध्ये बंदी आलेली पीएफआय (पॉप्युलर फ्रंट ऑफ इंडिया) या कप्प्यातल्या. ही बंदी उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या न्यायाधिकरणापुढे जाते, तिथे सहा महिन्यांत ती टिकवावी लागते, आणि २०१३ पासून तिची मुदत पाच वर्षांची आहे.

दुसरा कप्पा पहिल्या अनुसूचीचा, म्हणजे 'दहशतवादी संघटना'. पोटा हा आधीचा दहशतवादविरोधी कायदा रद्द झाल्यावर २००४ मध्ये तो या कायद्यात आला. इथे न्यायाधिकरण नाही आणि मुदतही नाही. नाव काढून घ्यायचे तर सरकारकडेच अर्ज, आणि तो फेटाळला तर पुनर्विलोकन समिती. भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) ही संघटना २००९ च्या जूनमध्ये या यादीत आली आणि तिच्या नावापुढे 'सर्व शाखा आणि आघाडी संघटना' अशी शेपटी आहे. नवख्या माणसाची अडचण याच शेपटीत आहे. आघाडी संघटना कोणत्या, त्यांची नावे यादीत नाहीत. एखादा गट तशी संघटना आहे की नाही, हा वाद खटल्यात होतो आणि तोवर माणूस आत असतो.

२०१९ पासून व्यक्तींनाही दहशतवादी ठरवता येते. ती चौथी अनुसूची. मसूद अझहर, हाफिज सईद, दाऊद इब्राहिम ही तिच्यातली पहिली नावे.

महाराष्ट्रात काम करणाऱ्यांनी आणखी एक मजकूर मिळवून वाचावा. विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केले. त्याआधी संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या होत्या. त्यातल्या 'बेकायदेशीर कृत्या'च्या व्याख्येत तोंडी आणि लेखी शब्दही येतात, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते.

करायचे काय? गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावरची यादी छापा, वर तारीख घाला, कार्यालयाच्या फाइलला लावा आणि दर तिमाहीला ताजी करा. कंटाळवाणे काम आहे. पण 'त्या दिवशी ही संघटना यादीत नव्हती' हे सिद्ध करायची वेळ आली, तर तो कागद तुमच्याकडे असतो.

कलमांतली क्रियापदे

संपूर्ण कायदा पाठ करायची गरज नाही. कलम १३, १५, १७ ते २० आणि ३८ ते ४० एवढी वाचा, आणि वाचताना क्रियापदांखाली रेघा मारा.

कलम १३ बेकायदेशीर कृत्य करणे, त्याचा पुरस्कार करणे, सल्ला देणे, चिथावणी देणे या सगळ्यांना सात वर्षांपर्यंत शिक्षा देते. 'बेकायदेशीर कृत्या'च्या व्याख्येत भारताविरुद्ध अप्रीती निर्माण करणेही बसते, आणि अप्रीती मोजायचे माप कोणाकडेच नाही. कलम १५ मध्ये बॉम्ब, स्फोटके, विषारी वायू अशी साधने मोजून झाल्यावर 'किंवा इतर कोणत्याही साधनाने' असे शब्द येतात. ते कुठवर ताणायचे, यावर न्यायालयांत बराच काथ्याकूट झाला आहे.

कलम १९ आसरा देण्याबद्दल आहे. तीन वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. मात्र त्यात 'स्वेच्छेने' आणि 'तो दहशतवादी आहे हे माहीत असताना' अशा दोन अटी आहेत. रात्री बंदूकधारी येऊन जेवण मागतात, तेव्हा गावकरी भाकरी देतो ती स्वेच्छेने नव्हे. कायद्याची भाषा हे मान्य करते. तपासात ते मान्य व्हायला किती काळ जातो, हा वेगळा प्रश्न.

कलम ३८ संघटनेशी संबंध ठेवण्याबद्दल आणि ३९ पाठिंब्याबद्दल. दोन्हींना दहा वर्षांपर्यंत शिक्षा. संघटनेशी जोडलेली व्यक्ती बोलणार हे माहीत असताना सभा भरवणे, व्यवस्था पाहणे, मदत करणे हे कलम ३९ मध्ये येते. पण दोन्ही कलमांत 'संघटनेच्या कारवाया पुढे नेण्याच्या हेतूने' ही अट आहे. केरळमधल्या दोन विद्यार्थ्यांच्या प्रकरणात, थ्वाहा फसल खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये हेच धरले: साहित्य सापडले, सहानुभूती दिसली, तेवढ्याने हेतू सिद्ध होत नाही.

सभासदत्वाबद्दल मात्र वारे उलटे फिरले. नुसते सभासद असणे हा गुन्हा नाही, असे २०११ मध्ये अरूप भुयान खटल्यात ठरले होते. २४ मार्च २०२३ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल चुकीचा ठरवला. संघटनेवर बंदी असताना तुम्ही सभासद राहिलात, तर एवढेही पुरते. म्हणून कधीकाळी कुठे नाव नोंदवले असेल, तर लेखी राजीनामा देऊन त्याची पोच सांभाळा.

थोडे अमेरिकेत जाऊ

शांततेचे काम आणि दहशतवादविरोधी कायदा यांची सर्वांत स्वच्छ टक्कर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात झाली. लॉस एंजेलिसच्या ह्युमॅनिटेरियन लॉ प्रोजेक्ट या संस्थेला कुर्दांच्या पीकेके या सशस्त्र संघटनेला आंतरराष्ट्रीय कायदा शिकवायचा होता: तंटे शांततेने कसे सोडवावेत, संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज कसा करावा. दुसऱ्या काही वादींना श्रीलंकेतल्या एलटीटीईशी (तमिळ वाघांशी) संबंधित असेच काम करायचे होते. दोन्ही संघटना १९९७ पासून अमेरिकेच्या यादीत. अशा संघटनेला 'भौतिक मदत' देणे हा तिथे गुन्हा आहे, आणि प्रशिक्षण व तज्ज्ञांचा सल्ला या गोष्टीही मदतीतच मोडतात.

२१ जून २०१० रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी सरकार जिंकले. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचे म्हणणे असे: शांततेची शिकवणी दिली तरी संघटनेची वाचलेली ताकद हिंसेकडे वळू शकते, शिवाय तिला प्रतिष्ठा मिळते. आपल्या मनाने, स्वतंत्रपणे तिची बाजू मांडा, लेख लिहा, त्याला बंदी नाही. तिच्याशी संगनमताने किंवा तिच्या सांगण्यावरून केलेत की गुन्हा. न्यायमूर्ती ब्रेयर यांनी विरोधी निकालपत्रात विचारले की शांततेचे मार्ग शिकवल्याने दहशतवाद वाढतो, याचा पुरावा कुठे आहे? निवडणुकांवर देखरेख आणि मध्यस्थी करणारे जिमी कार्टर यांचे कार्टर सेंटरही न्यायालयात वादींच्या बाजूने उभे होते. मला ब्रेयर यांचे पटते. समोरच्याला बंदुकीशिवाय दुसरी वाट दाखवायचीच नाही असे ठरवले, तर त्याने बंदूक टाकावी कशासाठी?

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा निकाल ऐकीव गोष्ट नाही. तिथल्या नागरिकाने जगात कुठेही केलेल्या मदतीला तो कायदा लागू होतो, आणि हिंसेला हातभार लावायचा तुमचा हेतू होता की नाही हे तो विचारत नाही. संघटना यादीत आहे किंवा ती दहशतवादी कृत्ये करते, हे माहीत असणे पुरते. औषधे आणि धार्मिक साहित्य यांना तेवढी सूट आहे. उलट आपल्या ३८-३९ मध्ये हेतूची अट आहे, म्हणजे कागदावर आपला कायदा या बाबतीत सौम्य. त्याचा कडकपणा जामिनात आहे, तिकडे येऊच.

बोलणे आणि लिहिणे

चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी, असा फरक सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात केला. चर्चा आणि पुरस्कार, कितीही अप्रिय असले तरी, अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसतात. बंधन येते चिथावणीपाशी. नवख्या लेखकाने मजकूर पाठवण्याआधी या तीन शब्दांनी तो तपासून पाहावा. (कलम १३ मध्ये 'पुरस्कार' हा शब्दही आहे, हे वर पाहिलेच. दोन्ही एकाच देशात नांदतात.)

पुस्तके बाळगण्याबद्दल, भीमा कोरेगाव प्रकरणातले आरोपी वेर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२३ रोजी म्हटले की हिंसेचा प्रचार करणारे साहित्य नुसते जवळ असणे म्हणजे दहशतवादी कृत्य नव्हे. नागपूर खंडपीठाने, माओवाद्यांशी संबंधाचा आरोप असलेले प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांच्या ५ मार्च २०२४ च्या निकालात, माओवादी विचारांना सहानुभूती दाखवणारा मजकूर इंटरनेटवरून उतरवून घेणे हा आपोआप गुन्हा होत नाही, असे स्पष्ट केले. तेव्हा संशोधनासाठी निवेदने, पत्रके, मुलाखती जमवायच्या असतील तर जमवा. फक्त ती कुठून मिळाली, केव्हा, कोणत्या अभ्यासासाठी, याची नोंद त्याच फोल्डरमध्ये ठेवा. बंदी असलेल्या संघटनेचे पत्रक बातमीत उद्धृत करणे आणि ते जसेच्या तसे व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुढे ढकलणे यांत फरक आहे. दुसऱ्यात तुमचा हेतू सांगणारे एकही वाक्य तुमचे स्वतःचे नसते.

भेट, उपचार, मध्यस्थी

हा भाग सावकाश वाचा, कारण शांततेचे काम करणाऱ्याची खरी गोची इथेच आहे. दोन बाजूंना जोडायचे तर दोन्हींशी बोलावे लागते, आणि त्यातली एक बाजू यादीत असते.

उपचारांपासून सुरुवात करू. परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जखमी माणूस गुन्हेगार असो वा निरपराध, त्याचा जीव वाचवणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य, पोलिसी सोपस्कार नंतर. जिनिव्हा करारांच्या सामाईक कलम ३ मध्येही निःपक्ष मानवतावादी संस्थेला संघर्षातल्या पक्षांपुढे आपली सेवा देऊ करण्याची मुभा आहे. यूएपीएत मात्र मानवतावादी कामासाठी वेगळी सूट नाही. त्यामुळे गोळी लागलेला रुग्ण आला तर आधी उपचार, लगोलग रजिस्टरमध्ये एमएलसी (पोलिसांशी संबंध येणाऱ्या वैद्यकीय प्रकरणाची) नोंद, पोलिसांना कळवल्याची वेळ. आडरानातल्या दवाखान्यात हे जड जाते, तरी सोडू नका.

बिनायक सेन यांचे प्रकरण नवख्यांना मी मुद्दाम सांगतो. छत्तीसगडमधले बालरोगतज्ज्ञ, पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेचे पदाधिकारी. रायपूरच्या तुरुंगातल्या एका वृद्ध माओवादी कैद्याला ते तुरुंग प्रशासनाची परवानगी घेऊन भेटत. त्याची पत्रे बाहेर पोचवल्याच्या आरोपावरून मे २००७ मध्ये त्यांना अटक झाली, डिसेंबर २०१० मध्ये जन्मठेप झाली आणि एप्रिल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. भेटी परवानगीने, उघडपणे, नोंदवहीत सही करून झालेल्या होत्या. तरीही पुढचे सगळे घडले. नोंदी ठेवल्या की अटक टळते, असे म्हणूनच कोणी सांगू नये. नोंदींचा उपयोग होतो तो न्यायालयात.

आता मध्यस्थी. १९९७ मध्ये निवृत्त सनदी अधिकारी एस. आर. शंकरन यांच्या पुढाकाराने आंध्र प्रदेशात 'कमिटी ऑफ कन्सर्न्ड सिटिझन्स' उभी राहिली. नक्षलवाद्यांच्या हत्या आणि पोलिसांच्या चकमकी या दोन्हींवर तिने बोट ठेवले, आणि सात वर्षांच्या खटपटीनंतर ऑक्टोबर २००४ मध्ये हैदराबादेत सरकार व नक्षलवादी नेते समोरासमोर बसले. त्याआधी राज्य सरकारने आपली बंदी वाढवली नव्हती. गंमत अशी की त्याच सप्टेंबरात केंद्राने अध्यादेश काढून यूएपीएत जी यादी घातली, तिच्यात पीपल्स वॉर या नक्षलवादी संघटनेचे नाव होते. एकाच वेळी राज्य वाटाघाटी करत होते आणि केंद्राच्या यादीत ती संघटना दहशतवादी होती. जानेवारी २००५ मध्ये बोलणी मोडली, ऑगस्टमध्ये राज्याची बंदी परत आली.

दुसरे उदाहरण छत्तीसगडमधल्या सुकम्याचे. एप्रिल २०१२ मध्ये जिल्हाधिकारी अॅलेक्स पॉल मेनन यांचे अपहरण झाले. माओवाद्यांनी बी. डी. शर्मा आणि प्राध्यापक हरगोपाल यांची नावे सुचवली, सरकारने निर्मला बुच आणि एस. के. मिश्रा यांना नेमले. ३ मे रोजी मेनन सुटले. कलमाच्या चौकटीत पाहिले तर जंगलात जाऊन बंदी असलेल्या संघटनेच्या नेत्यांना भेटणे म्हणजे 'संबंध'च. पण सरकार स्वतः त्या टेबलाच्या एका बाजूला होते.

यातून नवख्याने घ्यायचे ते इतके: आपल्या कायद्यात मध्यस्थाला संरक्षण देणारे कलम नाही, संरक्षण देते ती सरकारची मान्यता. कलम १३ मधला वाटाघाटींचा अपवादही परदेशी सरकारांशी, सरकारने अधिकार दिलेल्या व्यक्तीने करायच्या बोलण्यांपुरता आहे. म्हणून संस्थेने नेमून दिले तरी एकट्याने निरोप नेऊ-आणू नका. पत्र, पेन ड्राइव्ह, औषधांची पिशवी, कोणाचेच काही पोचवू नका. संवादाचा प्रस्ताव असेल तर तो जिल्हा प्रशासनाला किंवा गृह विभागाला लेखी कळवा, आवक क्रमांक घ्या, दोन-तीन माजी न्यायाधीश किंवा निवृत्त अधिकाऱ्यांना सोबत घ्या. उत्तर आले नाही तर स्मरणपत्र द्या. मान्यता नसताना प्रत्यक्ष भेटीचा निर्णय नवख्याचा नसतोच, तो विश्वस्तांनी वकिलासह बसून घ्यायचा. शंकरन यांच्या समितीचे बळ तिच्या उघडेपणात होते. तिची पत्रे दोन्ही बाजूंना जात आणि जाहीर होत.

पैसा

थोडक्यात सांगतो. कलम १७ आणि ४० निधी गोळा करण्याबद्दल आहेत. ५१ए खाली सरकार खाती गोठवू शकते. परदेशी देणगी असेल तर एफसीआरए (परकीय योगदान नियमन कायदा) आहेच: २०२० च्या दुरुस्तीपासून ती रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच येते, दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या वर नेता येत नाही. गावातल्या छोट्या गटांना पैसे देऊन काम करून घ्यायची जुनी पद्धत त्याने मोडली. रोखीत मदत वाटू नका. वाटावीच लागली तर सही, फोटो, गावाचे नाव आणि ग्रामसेवकाची किंवा शिक्षकाची साक्ष घ्या.

आंतरराष्ट्रीय संस्थेत असाल तर सुरक्षा परिषदेचा ९ डिसेंबर २०२२ चा ठराव २६६४ माहीत असू द्या. संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांखाली मालमत्ता गोठवलेल्या गटांच्या प्रदेशातही मानवतावादी मदत पोचवायला तो सूट देतो. चौदा देशांनी बाजूने मत दिले, भारत तटस्थ राहिला. ही सूट संयुक्त राष्ट्रांच्या यादीपुरती आहे, आपल्या पहिल्या अनुसूचीला ती लागू नाही.

नोटीस आली, दार वाजले

कलम ४३एफ खाली तपास अधिकारी लेखी माहिती मागू शकतो आणि ती न देणे हा तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. म्हणून नोटीस खिशात घालून बसू नका, त्याच दिवशी वकिलाला दाखवा आणि लेखी उत्तर द्या.

झडती आली तर अडवू नका, पण पाहत राहा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण करावे लागते. ते चालू आहे का, विचारा. पंचनाम्याची प्रत मागा. लॅपटॉप, फोन, हार्ड डिस्क नेत असतील तर जागेवरच हॅश व्हॅल्यू (आतला मजकूर नंतर बदलला का, हे दाखवणारा आकडा) काढून लिहायला सांगा. नकार मिळाला तर तो नकार त्याच दिवशी वकिलामार्फत लेखी कळवा. पुढे उपकरणात काय होते आणि काय नव्हते, याचा वाद तिथूनच सुरू होतो.

अटक झाली तर कारणे लेखी मिळालीच पाहिजेत. न्यूजक्लिकचे संपादक प्रबीर पुरकायस्थ यांच्या प्रकरणात १५ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यूएपीएच्या आरोपींनाही हा हक्क आहे असे ठरवले आणि कारणे दिली नव्हती म्हणून अटकच रद्द केली. घरच्यांना आधीच सांगून ठेवा: कारणांचा कागद मागा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर भिंतीवर लावा, नियमित औषधांची चिठ्ठी आणि गोळ्या पिशवीत तयार ठेवा. भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झालेले फादर स्टॅन स्वामी ८४ वर्षांचे होते, कंपवाताचे रुग्ण होते. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाची वाट पाहत, मुंबईच्या रुग्णालयात ते गेले.

जामीन आणि मंजुरी

कलम ४३डी वकिलाकडून समजून घ्या. अटकपूर्व जामीन नाही. आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. आणि आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले, तर जामीन देताच येत नाही. २०१९ च्या वटाली निकालाने न्यायाधीशांना या टप्प्यावर पुराव्याची खोलवर चिरफाड करायला मनाई केली. फेब्रुवारी २०२१ च्या नजीब निकालाने एक खिडकी उघडली: खटला लवकर संपण्याची चिन्हे नसतील आणि माणूस वर्षानुवर्षे आत असेल, तर घटनेचे कलम २१ (जीवित आणि स्वातंत्र्याचा हक्क) पुढे येते. दोन्ही निकाल एकाच न्यायालयाचे आहेत, आणि तुमच्या वाट्याला कोणता येईल हे आधी सांगता येत नाही.

वकिलाला आणखी एक विचारा: कलम ४५ ची मंजुरी. सरकारच्या मंजुरीशिवाय न्यायालयाला या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल घेता येत नाही. स्वतंत्र प्राधिकरणाने पुरावा पाहून सात कामकाजाच्या दिवसांत शिफारस द्यायची, त्यानंतर सरकारने तेवढ्याच दिवसांत निर्णय घ्यायचा, असे २००८ चे नियम सांगतात. मंजुरीचा आदेश, त्यावरची तारीख आणि शिफारशीतली कारणे यांच्या प्रती पहिल्याच तारखेला मागा. साईबाबा आणि त्यांच्या सहआरोपींना गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये दोषी ठरवले होते. नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मंजुरीच्याच मुद्द्यावर त्यांना सोडले, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारून प्रकरण परत पाठवले, आणि मार्च २०२४ मध्ये ते पुन्हा निर्दोष सुटले. पांडू नरोटे हा त्यांतला एक आदिवासी आरोपी ऑगस्ट २०२२ मध्येच कैदेत वारला होता. सुटकेच्या निकालात त्याचेही नाव आहे.